एक्स-रेवर फिलिंग, कॅप आणि रूट कॅनाल कसं ओळखायचं: आधी कड बघा, मग पांढरेपणा

दातांच्या एक्स-रेसमोर नवख्याला बसवून "काय दिसतंय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "सर, पांढरं आहे, म्हणजे चांदी भरलीय." रुग्ण ज्याला चांदी म्हणतात ते अमाल्गम, म्हणजे चांदी, कथील आणि पाऱ्याचं मिश्रण. उत्तर बऱ्याचदा बरोबर निघतं आणि तिथेच वाईट खोड लागते. सोन्याचं इनले (बाहेर घडवून दातात बसवलेला तुकडा), झिरकोनियाची (दातासारख्या रंगाच्या सिरॅमिकची) कॅप, निकेल-क्रोमची कॅप, अमाल्गम, सगळी एकजात पांढरी. रंगावरून ओळखायला गेलात तर कोण कुठलं ते कळणार नाही. ओळख पटते ती कडेवरून, आकारावरून आणि खाली काय दडलंय त्यावरून.

या खोडीपायी मी स्वतः एक चांगलं फिलिंग उखडलं आहे. वरच्या उपदाढेत कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) होतं आणि त्याच्या खाली एक काळी रेघ. फिलिंगखाली कीड, असं म्हणून मी ते काढलं. खाली डेंटिन (दाताच्या टणक कवचाखालचा थर) कडक होतं, एक्स्प्लोरर (तपासणीची टोकदार सळई) ओढला की कर्रकन वाजणारं. ती रेघ साचलेल्या बाँडिंगची, म्हणजे फिलिंग चिकटवणाऱ्या द्रवाची, होती. रेघेची कड नीट बघितली असती तर ते काढायच्या आधीच कळलं असतं. पुढे ती रेघ सविस्तर येईलच.

हा लेख दंतवैद्यकाचे विद्यार्थी, इंटर्न आणि नुकते प्रॅक्टिसला बसलेले यांच्यासाठी आहे. आपला एक्स-रे समजून घ्यायचा असलेल्या बाकीच्यांनीही खुशाल वाचावा, पण निदान त्यावरून करू नये.

पांढरेपणा येतो कुठून

क्ष-किरण किती अडणार हे तीन गोष्टींवर ठरतं: अणुक्रमांक, घनता आणि जाडी. दातांची यंत्रं साधारण ६० ते ७० केव्हीवर (किलोव्होल्टवर) चालतात आणि तिथे अणुक्रमांकाचा वाटा फार मोठा असतो. शोषण जवळजवळ त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, बेरियमचा ५६. चौपट. घन केला की चौसष्टपट. हिशेब कागदी आहे, पण त्यातून एक कोडं सुटतं: क्वार्ट्झ किंवा शुद्ध सिलिका भरलेलं जुनं कंपोझिट एक्स-रेवर काळं दिसायचं आणि आजचं पांढरं का दिसतं? रेझिनमध्ये त्या दृष्टीने फारसा फरक नाही. आतली काचेची भुकटी बदलली. तिच्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिरकोनियम किंवा यटर्बियम आलं.

दातातलं कॅल्शियम २०. अमाल्गममधली चांदी ४७, कथील ५०, पारा ८०. सोनं ७९. आणि टायटॅनियम? फक्त २२, म्हणजे कॅल्शियमपासून दोनच घरं पुढे. इम्प्लांट पांढरंशुभ्र दिसतं ते धातूच्या घनतेमुळे आणि जाडीमुळे. तोच टायटॅनियम बारीक पोस्टच्या (मुळात बसवलेल्या आधाराच्या खिळ्याच्या) रूपात कॅनालमध्ये बसला की गटापर्चासारखा (कॅनाल भरायच्या रबरी पदार्थासारखा) दिसतो आणि भल्याभल्यांना चकवतो.

मोजायची पट्टी ॲल्युमिनियमची असते. १ मिमी डेंटिन साधारण १ मिमी ॲल्युमिनियमइतकं किरण अडवतं, इनॅमल (दाताचं टणक कवच) त्याच्या दुप्पट. आयएसओ ४०४९ या मानकानुसार, रेडिओपेक, म्हणजे एक्स-रेवर पांढरं दिसणारं, म्हणवणाऱ्या कंपोझिटने निदान तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमची बरोबरी करायला हवी. म्हणजे डब्यावर "रेडिओपेक" लिहिलेलं कंपोझिट जेमतेम डेंटिनइतकंही दिसू शकतं. डेंटिनमध्ये बसवलेलं, डेंटिनसारखंच दिसणारं फिलिंग! ते सापडणार कसं? फक्त बाह्यरेषेवरून, आणि कधीकधी तेही नाही.

स्क्रीनसमोर बसल्यावर पहिली दोन मिनिटं

बाजू पक्की करा. फिल्मवरचा उठावदार ठिपका तुमच्याकडे, आणि रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला. डिजिटलमध्ये हे आपोआप होतं असं वाटतं, पण फॉस्फर प्लेट उलटी ठेवली गेली तरी चित्र येतं, फक्त आरशातलं. तारीख आणि नाव बघा. मग दात मोजा आणि एफडीआय पद्धतीने (पहिला आकडा जबड्याच्या भागाचा, दुसरा दाताचा) क्रमांक द्या: उजवी वरची पहिली दाढ १६, डावी खालची पहिली दाढ ३६, दुधाचे दात ५१ ते ८५. पांढऱ्या डागाकडे डोळा आधी धावतो, त्याला आवरा. मोजणी चुकली तर पुढचं सगळं अचूक वाचन चुकीच्या दाताच्या नावावर जमा होतं.

खोलीतला उजेड कमी करा. आरव्हीजीच्या (डिजिटल सेन्सरच्या) सॉफ्टवेअरमध्ये चित्र "धारदार" करणारा फिल्टर चालू असेल तर एकदा बंद करून मूळ चित्र बघा. हा फिल्टर पांढऱ्या धातूच्या कडेला एक काळी किनार स्वतःच्या पदरची घालतो.

आता त्याच चित्रातली मोजपट्टी डोळ्यांत भरून घ्या. हवा काळी, पल्प (दाताच्या आतला नसेचा गाभा) गडद, डेंटिन करडं, इनॅमल फिकट, धातू पांढरा. दुसऱ्या एक्स-रेवरच्या पांढऱ्याशी तुलना करायची नाही; एक्स्पोजर बदललं, सॉफ्टवेअरने उजेड स्वतः जुळवला की सगळ्या छटा सरकतात. धातू मात्र पार पांढरा होऊन बसतो आणि त्या पांढऱ्याच्या आत काहीच वाचता येत नाही. म्हणून निम्मा वेळ इनॅमल आणि डेंटिन या दोन छटांच्या आसपास घालवा.

कड वाचायची

पांढऱ्या आकृतीभोवती डोळ्याने एक फेरी मारा, सावकाश, जणू पेन्सिलीने गिरवताय. अमाल्गम दाताच्या खड्ड्यात दाबून भरलेलं असतं, त्यामुळे त्याची कड खड्ड्याची नक्कल करते: ओबडधोबड, कुठे आत गेलेली, कुठे बाहेर आलेली. दोन दातांच्या मध्ये मॅट्रिक्स बँड (भरताना दाताभोवती लावलेली पट्टी) नीट आवळला नसेल तर हिरडीकडे एक छोटं पांढरं नाक बाहेर डोकावतं. ते ओव्हरहँग. कधी शेजारी हिरडीत पांढरे कणही विखुरलेले दिसतात. तोंडात त्या जागी निळसर-काळा डाग असला तर ते अमाल्गमचेच कण.

ओव्हरहँगसारखं दिसणारं पण वेगळं असं एक प्रकरण म्हणजे दातावरचा दगड, कॅल्क्युलस. तोही दोन दातांच्या मधे काटा होऊन उभा राहतो. पण त्याची छटा दाताच्या आसपासची असते, धातूची नसते, आणि तो फिलिंगला चिकटून यायलाच हवा असं काही नाही. सहसा शेजारच्या दातांवरही त्याचे भाऊबंद दिसतात.

ओतीव काम, म्हणजे सोन्याचं इनले किंवा पूर्ण धातूची कॅप, यांची कड वेगळीच. मेणात कोरलेली, ओतलेली, घासून गुळगुळीत केलेली. बाह्यरेषा एकसंध आणि वळण सफाईदार. इनलेच्या भिंती वरच्या दिशेला किंचित उघडत जातात, कारण ते एका दिशेने आत बसवावं लागतं; अमाल्गमच्या खड्ड्याच्या भिंती उलट तळाशी रुंदावतात, म्हणजे भरण निसटू नये. पांढरेपणा दोन्हींचा तोच, पण हा आकाराचा फरक एकदा डोळ्यात बसला की अगदी लहान चित्रातही दिसतो.

पोर्सिलेन चढवलेल्या धातूच्या कॅपवर नजर सरावायला फार मदत होते. आत पांढरी धातूची टोपी, तिच्यावर करड्या रंगाचा थर, जणू बोरावर साय. चावण्याच्या पृष्ठभागावर हा करडा थर जाड, हिरडीकडे येता येता पातळ होतो. तो थर दिसला की धातू आणि पोर्सिलेनची कॅप पक्की.

झिरकोनियातल्या झिरकोनियमचा अणुक्रमांक ४०, घनता भरपूर; ती धातूइतकीच पांढरी. पूर्ण धातूच्या कॅपपासून ती एक्स-रेवर खात्रीने वेगळी काढता येत नाही, आणि ज्यांना काढता येते असं वाटतं त्यांनी एकदा तोंडात डोकावून बघावं. दातासारख्या रंगाची कॅप आणि एक्स-रेवर धातूसारखी पांढरी, करडा थर नाही, म्हणजे बहुधा झिरकोनिया. लिथियम डायसिलिकेट आणि साधं पोर्सिलेन मात्र डेंटिन-इनॅमलच्या आसपास राहतात. अशी कॅप असलेला दात पहिल्या नजरेत कोरा वाटतो. तिचा पत्ता दोन खुणांवरून लागतो: इनॅमल आणि डेंटिनमधली नेहमीची सीमा गायब असते, आणि हिरडीजवळ घासलेल्या दाताची पायरी दिसते. सिमेंट रेडिओपेक असेल तर एक बारीक पांढरी रेघ कॅपच्या आतून फिरलेली दिसते. ती सापडली की ओळख पटली.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर बसवतात त्या स्टेनलेस स्टीलच्या कॅपचा पत्रा सुमारे ०.२ मिमी. धातू असूनही ती इतकी पातळ की मधल्या भागात आरपार, धुरकट करडी दिसते, आणि कडांना, जिथे किरण पत्र्याच्या लांबीतून जातात तिथे, पांढरी. हिरडीकडची कड दाताला हुबेहूब बसलेली नसते, कारण ती तयार मापाची टोपी पकडीने आवळून बसवलेली असते. त्यामुळे ओतीव कॅपला ज्या फटीसाठी नावं ठेवाल, ती इथे दिसली तर लगेच भुवया उंचावू नका. तात्पुरती ॲल्युमिनियमची टोपी याहून फिकट. आणि ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप तर दिसतच नाही: घासून बारीक केलेला दात, भोवती काळी पोकळी, शेजारच्या दाताशी संपर्क तुटलेला. ते चित्र बघून "दात झिजलाय" असं लिहिणारे मी पाहिले आहेत.

जी फिलिंग काळी दिसतात

पुढच्या दातांमधली जुनी फिलिंग हा फसवणुकीचा मोठा कारखाना. सिलिकेट सिमेंट, शुद्ध सिलिकाचं कंपोझिट, रंगाला जुळणारं ॲक्रिलिक, हे सगळं एक्स-रेवर काळं. दोन पटाशीच्या दातांच्या मधे गोल काळा डाग दिसला की हात आपोआप "केरीज" लिहायला जातो.

इथेही उत्तर कडेतच. कीड पसरते, तिची सीमा धूसर असते, इनॅमलमध्ये टोक आत वळवलेला त्रिकोण, डेंटिनच्या सीमेवर ती आडवी फैलावते. ड्रिलने केलेला खड्डा मात्र ठळक रेषेने आखलेला असतो, भिंती सरळ, कोपरे माणसाने केलेले. तळाशी एखादा बेसचा (फिलिंगखालच्या सिमेंटच्या थराचा) पांढरा ठिपका दिसला तर वाद मिटला. किडीच्या खाली कुणी सिमेंट लावून ठेवत नाही. तरी संशय राहिलाच तर आरसा आणि फुंकणी घ्या. दात वाळवला की कंपोझिटची कड तोंडात दिसते.

फिलिंगच्या खाली

अमाल्गमच्या खाली, पल्पच्या बाजूला, बहुतेक वेळा एक फिकट पट्टा असतो: झिंक फॉस्फेट किंवा झिंक ऑक्साइड युजेनॉलचा बेस. अमाल्गमहून कमी पांढरा, डेंटिनहून जास्त. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या लायनरचे (पल्पजवळच्या पातळ अस्तराचे) दोन अवतार आहेत. जुने काळे दिसायचे, पल्पच्या जवळ बारीक काळी चकती; पुढे त्यात बेरियमसारखे जड घटक मिसळायला लागले आणि ते पांढरे झाले. ग्लास आयोनोमरचंही तसंच, काही काळपट, काही स्ट्रॉन्शियम किंवा लॅन्थॅनममुळे पांढरी.

म्हणजे फिलिंगच्या खालची काळी सावली बघून पाच आरोपी उभे राहतात: पुन्हा लागलेली कीड, काळा लायनर, साचलेलं बाँडिंग, डोळ्याचा भ्रम आणि दाताच्या मानेवरची खोटी सावली. एकेकाला प्रश्न विचारायचे.

कीड फिलिंगच्या कडेला, विशेषतः हिरडीकडच्या कडेखाली, लागते. सीमा धूसर, आकार बेढब, मऊ डेंटिनकडे पसरत गेलेली. लायनर पल्पच्या बाजूला, खड्ड्याच्या तळाशी, नीटस पट्ट्यात बसतो आणि कडेपर्यंत येत नाही. बाँडिंगचा साठा कंपोझिटच्या आतल्या कोपऱ्यात किंवा हिरडीकडच्या भिंतीवर, एकसारख्या जाडीच्या रेघेत असतो आणि दोन्हीकडून सुरीने कापल्यासारखा स्वच्छ दिसतो. माझी ती उपदाढ आठवते? तिची रेघ अशीच होती, वरून खालपर्यंत एकाच जाडीची. कीड इतकी शिस्तीची नसते.

डोळ्याचा भ्रम म्हणजे माख पट्टा. एर्न्स्ट माख याने १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. गडद आणि फिकट भाग शेजारी आले की सीमेवर आपला डोळा एक जास्तीची काळी पट्टी स्वतः रंगवतो. तपासायची युक्ती साधी आहे: कागदाच्या तुकड्याने पांढरं फिलिंग झाका. काळी पट्टी नाहीशी झाली तर ती तुमच्या डोळ्यात होती. कागद ठेवूनही राहिली तर दातात आहे. फिल्टरने घातलेली काळी किनार मात्र कागदाला दाद देत नाही, कारण ती चित्रातच असते. त्यासाठी वर म्हटलं तसं मूळ चित्र उघडायचं. फिल्टरची किनार आणखी एका गोष्टीवरून ओळखू येते: ती सगळ्या धातूंभोवती, अगदी इम्प्लांटच्या स्क्रूभोवतीही, सारख्याच जाडीची असते.

मानेवरची खोटी सावली, सर्व्हायकल बर्नआउट, इनॅमल जिथे संपतं आणि हाड जिथे सुरू होतं त्यांच्या मधल्या पट्ट्यात येते. तिथे किरणांच्या वाटेत कमी ऊती असतात. ती पाचरीसारखी असते, कोन बदलला की विरते, आणि शेजारच्या फिलिंग नसलेल्या दातांवरही दिसते. भरलेल्या दातावर ती पांढऱ्या धातूच्या शेजारी आल्याने जास्तच गडद भासते.

या सगळ्याच्या उलटही घडतं. जुन्या अमाल्गममधले जस्ताचे आणि कथिलाचे आयन खालच्या क्षार गमावलेल्या डेंटिनमध्ये झिरपतात आणि तो भाग नेहमीपेक्षा पांढरा दिसतो. "बेस घातलाय" असं वाटतं. तिथे कुणीही काही घातलेलं नसतं.

मुळाच्या आत

कॅनालमधलं पांढरं बहुतेक वेळा गटापर्चा. नावापुरता तो गटापर्चा. कोनमध्ये खरा गटापर्चा साधारण पाचवा भाग, बाकी मुख्यतः झिंक ऑक्साइड आणि थोडे जड क्षार. त्यामुळे तो धातूहून कमी पांढरा, कॅनालच्या वळणाप्रमाणे वळलेला, बाजूंना सीलरच्या (फटी बुजवणाऱ्या सिमेंटच्या) पुसट कडा असलेला दिसतो. सीलर ३ मिमी ॲल्युमिनियमइतका तरी दिसला पाहिजे असं आयएसओ ६८७६ सांगतं, म्हणून टोकाच्या बाहेर निसटलेला त्याचा बारीक ढगही नजरेस पडतो.

सिल्व्हर पॉइंट जुन्या रुग्णांमध्ये अजून सापडतो: अमाल्गमइतका पांढरा, सुईसारखा ताठ, एकसारख्या जाडीचा, कडा रेखीव. कॅनाल वळलं तरी तो आपल्याच मर्जीने जातो. तुटलेली फाइलही (कॅनाल साफ करायची सुई) पांढरी असते, पण मोठं करून बघितलं की तिचे पीळ दिसतात आणि ती कॅनालचा एकच तुकडा व्यापते. गटापर्चाच्या गर्दीत मात्र ती सहज लपते.

पोस्टचं वाचन असं करा. तो कॅनालच्या वरच्या भागात, कॅपच्या गाभ्यातून खाली उतरलेला असतो. ओतीव पोस्ट आणि गाभा एकसंध. तयार धातूचा पोस्ट समांतर भिंतींचा किंवा निमुळता, कधी स्क्रूच्या आट्यांसह. फायबर पोस्ट त्यात घातलेल्या घटकांवर अवलंबून करडा किंवा जवळपास अदृश्य, आणि जुना कार्बन फायबरचा तर काळाच. काळा पोस्ट बघून "कॅनाल अर्धवट भरलंय" म्हणायचा मोह होतो. काळी जागा सरळ भिंतींची आणि गटापर्चा आडवा, सपाट कापलेला दिसला तर थांबा.

कॅनाल "हरवलं" असं वाटलं तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध असू शकतं. त्याची छटा डेंटिनच्या जवळची असल्याने कॅनालची काळी रेघ मिटून जाते. मुळाचं टोक कापून मागून भरलेल्या दातात टोकाशी एक पांढरी गुठळी दिसते. तिथे पूर्वी अमाल्गम वापरायचे. नंतर बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं एमटीए (कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट) आलं. झिरकोनियम ऑक्साइडवर भिस्त असलेली काही कॅल्शियम सिलिकेट सिमेंटं डेंटिनशी इतकी मिळतीजुळती दिसतात की ती आहेत हे नोंदीतूनच कळावं.

बाकीची मंडळी

ब्रिजमध्ये मधला दात मुळाशिवाय लटकतो. मूळ शोधायला जा आणि सापडलं नाही की पाँटिक. पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला धातूचं पंख आणि घासलेला दात नाही, तर मेरीलँड ब्रिज. इम्प्लांटमध्ये स्क्रूचे आटे, वर अबटमेंट (कॅप धरणारा जोडभाग), दोघांमधली सांध्याची रेघ. ती काळी फट होऊन दिसली तर भाग पूर्ण बसलेला नाही, पण किरण आट्यांना काटकोनात गेले असतील तरच हा निष्कर्ष काढायचा. खालच्या पुढच्या दातांमागची वळणदार तार म्हणजे ऑर्थोचा रिटेनर. दाढेच्या मधोमध पल्पजवळ दिसणारे एक-दोन बारीक आटेदार खिळे हे मोठं फिलिंग धरून ठेवणारे पिन असतात.

ओपीजीवर (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) या गोष्टी धूसर आणि मोठ्या दिसतात. तिथे प्रकार सांगा, कडेची प्रत सांगू नका. कानातलं काढायचं राहिलं की त्याची भुतासारखी सावली दुसऱ्या बाजूला आणि वरच्या उंचीवर उमटते. सीबीसीटीवर (त्रिमितीय स्कॅनवर) धातू आणि झिरकोनियाभोवती काळे-पांढरे पट्टे फुटतात. त्या पट्ट्यांत कीड किंवा मुळाची चीर शोधू नका. गटापर्चाभोवतीही हे होतं.

दुसरा कोन

एक्स-रे म्हणजे सावली. गालाकडचं, जिभेकडचं आणि मधलं असं सगळं एकाच पातळीवर येऊन पडतं. गालाच्या बाजूला मानेशी भरलेलं अमाल्गम चित्रात दाताच्या मध्यात, पल्पवर बसलेलं दिसतं, जणू कुणी पल्प झाकला आहे. यावर क्लार्कचा नियम: नळी मेझिअल (पुढच्या, जबड्याच्या मध्यरेषेकडच्या) बाजूला सरकवून दुसरा एक्स-रे घ्या. वस्तू नळीच्याच दिशेला सरकली तर ती जिभेकडे, उलट दिशेला सरकली तर गालाकडे. पल्पमध्येच असेल तर पल्पसोबत राहते.

फिलिंगच्या कडा वाचायला बाइटविंगला (दात मिटून घेतलेल्या, वरचे-खालचे दात एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेला) पर्याय नाही. हॉवर्ड रेपरने १९२५ मध्ये ती पद्धत आणली आणि किरण दोन दातांच्या मधून आडवे जातात म्हणून ओव्हरहँग, हिरडीकडची कड आणि हाडाची उंची आजही तिच्यातच सगळ्यात स्वच्छ दिसते. मुळासाठी आयओपीए (मुळाच्या टोकापर्यंत दाखवणारा एक्स-रे). मात्र तोंडात आरशाने बघून जे कळतं त्यासाठी दुसरा एक्स-रे घेऊ नका.

एक बाइटविंग, शेवटपर्यंत

उजव्या बाजूचं चित्र समजा. वर १४ ते १७, खाली ४४ ते ४७.

१४ पासून सुरू करू. चावण्याच्या पृष्ठभागावर आणि डिस्टल (मागच्या) बाजूला इनॅमलच्या किंचित वरची छटा, कड गुळगुळीत, हिरडीकडे बारीक काळी रेघ. कागद ठेवला, रेघ राहिली. मूळ चित्रातही आहे. जाडी एकसारखी, दोन्ही सीमा ठळक. कंपोझिट, खाली बहुधा बाँडिंग. लक्ष ठेवायचं, उघडायचं नाही. १५ कोरा वाटतो, पण मेझिअल बाजूला सरळ भिंतींची काळी चौकट. कड माणसाने आखलेली. जुनं काळं फिलिंग समजायचं आणि तोंडात खात्री करायची. १६ धातूसारखा पांढरा, कड ओबडधोबड, मेझिअल बाजूला हिरडीकडे नाक बाहेर, त्या नाकाजवळ हाड शेजारच्यापेक्षा मुळाकडे सरकलेलं. अमाल्गम, ओव्हरहँगसह. खाली फिकट पट्टा, बेस. १७ वर काही नाही.

खाली ४७ कोरा. ४६ वर पूर्ण पांढरी टोपी, बाहेरून करडा थर: धातू आणि पोर्सिलेन. डिस्टल कडेखाली धूसर, बेढब काळी सावली, कागदाने न जाणारी, मानेच्या नेहमीच्या सावलीहून खोल. ही कीड मानायची आणि एक्स्प्लोररने कड तपासायची. ४५ ला कॅनालच्या वरच्या टोकाशी करडं, सरळ भिंतींचं, खाली गटापर्चाची सुरुवात. फायबर पोस्ट असावा. बाइटविंगमध्ये मुळाचं टोक येत नाही, म्हणून आयओपीए. ४४ च्या मध्यात घेवड्याच्या दाण्यासारखा पांढरा आकार, पल्पवर. गालाकडे मानेचं फिलिंग. आरशाने बघितलं, दिसलं, संपलं.

नोंद कशी लिहायची

जे दिसतं ते आधी, अर्थ नंतर, ब्रँडचं नाव कधीच नाही. "१६: मेझिओ-ऑक्लुझल, धातूइतकं रेडिओपेक, कडा अनियमित, मेझिअल ओव्हरहँग; अमाल्गमशी सुसंगत." "सुसंगत" हा शब्द मुद्दाम, झिरकोनिया आणि धातूच्या कॅपचा गोंधळ आठवा. तोंडातल्या तपासणीने खात्री झाली असेल तर ते वेगळ्या वाक्यात लिहा. दुसऱ्या दवाखान्यातून आलेल्या चित्रात ही सोय नसते, तिथे वर्णनावरच थांबा.

शेवटी जुना एक्स-रे असेल तर तो शेजारी उघडा आणि दात दातागणिक मिळवून बघा. अमाल्गमच्या जागी कंपोझिट येऊ शकतं, फिलिंगच्या जागी कॅप येऊ शकते, कॅपचा दात काढला जाऊ शकतो, त्या जागी इम्प्लांट येऊ शकतं. भरलेला दात मात्र पुन्हा कोरा होत नाही. मृतदेहांची ओळख पटवणारे न्यायदंतवैद्यकही याच एकतर्फी नियमावर विसंबतात. तेव्हा जुन्या चित्रात ३६ ला अमाल्गम आणि नव्यात ३६ अखंड, इनॅमल जिथल्या तिथे, असं दिसलं तर फिलिंगबद्दल काही लिहू नका. आधी प्लेट उलटी तर नव्हती ना ते बघा, मग फाइलवरचं नाव वाचा.